‘दार लाव’, ‘दिवा लाव’ : चिनी माणसाला इंग्रजी शब्द कुठे अडतात

मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला एक क्रियापद हमखास चकवतं. आई ‘दार लाव’ म्हणते तेव्हा उघडं दार बंद करायचं असतं, आणि ‘दिवा लाव’ म्हणते तेव्हा बंद दिवा चालू करायचा असतो. शब्द एकच, काम जवळजवळ उलटं. शिवाय कुलूप लाव, झाड लाव, नंबर लाव, जीव लाव, हे आहेच. आपल्याला यात काही खटकत नाही. ‘लावणे’ म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. दार, दिवा, झाड यांच्यासकटच तो शब्द आपल्या कानावर पडत गेलेला असतो.

चिनी भाषेत असाच एक शब्द आहे, ‘खाइ’. (चिनी उच्चारांमधले स्वरांचे चढउतार देवनागरीत उतरत नाहीत, तेव्हा या लेखातले चिनी शब्द अंदाजानेच वाचावेत. भाषा म्हणजे इथे बीजिंगची प्रमाण मँडरिन.) दार उघडायचं तर खाइ. दिवा लावायचा तर खाइ. गाडी चालवणं, मीटिंग घेणं, कंपनी काढणं, फूल उमलणं, डॉक्टरांनी औषध लिहून देणं, कुणाची थट्टा करणं, या सगळ्यांत हेच खाइ येतं. उकळलेल्या पाण्यालाही ‘खाइ-श्वेइ’ म्हणतात. आता शाळेतल्या मुलाच्या वहीत ‘ओपन’ या इंग्रजी शब्दासमोर ‘खाइ’ असं लिहिलेलं असतं. ते मूल पुढे बिनदिक्कत ‘ओपन द लाईट’ म्हणतं. उलट बाजूचा शब्द ‘क्वान’. आपल्या ‘बंद कर’सारखाच तो दारालाही चालतो, टीव्हीलाही चालतो. म्हणून मग ‘क्लोज द टीव्ही’.

हे मूल निष्काळजी नाही. त्याने शब्दसूचीवर पूर्ण विश्वास ठेवला, एवढंच त्याचं चुकलं. दोन भाषांमधले शब्द जोडीजोडीने समोरासमोर बसत नाहीत. प्रत्येक भाषा जगाचे तुकडे आपापल्या सुरीने करते. चिनी माणसाच्या इंग्रजीतल्या बऱ्याचशा चुका म्हणजे एका सुरीने कापलेले तुकडे दुसऱ्या ताटात मांडण्याची धडपड असते. मराठी माणसाला ही धडपड फार चांगली समजू शकते, कारण आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी आपले तुकडे चिनी तुकड्यांशी जुळतात आणि इंग्रजीशी जुळत नाहीत.

‘खान’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ बघणे. पण चिनी माणूस सिनेमा ‘खान’ करतो आणि पुस्तकही ‘खान’ करतो. इंग्रजीत मात्र सी, लुक, वॉच आणि रीड असे चार वेगळे शब्द पुढे येतात आणि चौघांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. शाळकरी पोर ‘आय सॉ अ बुक’ म्हणतं तेव्हा त्याने पुस्तक वाचलेलं असतं, ऐकणाऱ्याला वाटतं नुसतं पाहिलं. आजारी पडल्यावरचा प्रकार तर याहून मजेचा आहे. इंग्रज माणूस डॉक्टरला ‘पाहतो’. आपण डॉक्टरला ‘दाखवतो’. चिनी माणूस ‘आजार पाहतो’, आणि हाच शब्दप्रयोग पेशंटलाही लागतो, तपासणाऱ्या डॉक्टरलाही. प्रसंग तोच, दवाखाना तोच, पण कोण कुणाकडे बघतंय याचं चित्र तीन भाषांत तीन तऱ्हेचं.

‘च्ये’ म्हणजे उसनं. घेणंही च्ये, देणंही च्ये. दिशा वाक्यातले बाकीचे शब्द सांगतात. इंग्रजीत त्यासाठी बॉरो आणि लेंड अशी दोन क्रियापदं आहेत, आणि ‘कॅन यू बॉरो मी अ पेन’ ही चिनी विद्यार्थ्यांची ठरलेली अडखळण आहे. आपणही ‘उसने’ एकच ठेवतो आणि घेणे-देणे जोडून काम भागवतो. भाड्याचंही तसंच.

सर्वनामाची गोष्ट मात्र आपल्याला सहज कळणार नाही. उत्तम इंग्रजी बोलणारा, परदेशात पदवी घेतलेला चिनी माणूस स्वतःच्या बायकोबद्दल बोलताना मध्येच इंग्रजी ‘ही’, म्हणजे ‘तो’, म्हणून जातो. आपण दचकतो. मराठीत तर तो, ती, ते वेगळे आहेतच, वर ‘गेला’, ‘गेली’, ‘गेलं’ असं क्रियापदही लिंगाप्रमाणे वळतं. चिनी बोलीत तिन्हींसाठी एकच उच्चार आहे, ‘था’. लेखीतसुद्धा पूर्वी एकच अक्षर होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय पुस्तकांची भाषांतरं वाढली आणि इंग्रजी ‘शी’चं, म्हणजे ‘ती’चं, काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ल्यू पान-नोंग या कवी आणि भाषाअभ्यासकाने १९२० च्या सुमारास ‘स्त्री’चं चिन्ह जोडलेलं वेगळं अक्षर आग्रहाने पुढे आणलं, आणि ते रुजलं. म्हणजे कागदावर ‘तो’ आणि ‘ती’ वेगळे दिसू लागले, पण कानाला आजही एकच ऐकू येतात. बोलताना मेंदूला लिंगाचा निर्णय घ्यायची सवयच नसते. त्यामुळे घाईत जीभ घसरते, आणि वर्षानुवर्षं घसरत राहते.

नात्यांपाशी आलं की पारडं पूर्ण फिरतं. इथे चिनी सुरी अतिशय बारीक आणि इंग्रजी सुरी बोथट. ‘अंकल’ या एका शब्दात इंग्रजी सगळं उरकतं. चिनी माणूस विचारतो, कुठला अंकल? वडिलांचा थोरला भाऊ ‘पोपो’, धाकटा भाऊ ‘शूशू’, आईचा भाऊ ‘च्यूच्यू’. आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा यांना आणखी वेगळे शब्द. हे वाचून मराठी वाचकाला आपल्या घरात आल्यासारखं वाटावं. आपल्याकडे काका आणि मामा यांची गल्लत कुणी करून दाखवावी. चुलत, मामे, आते, मावस हे भेद आपण जपतो. चिनी माणूस वेगळी रेघ मारतो: वडिलांच्या भावांची मुलं, म्हणजे एकाच आडनावाची, ती ‘थांग’; बाकी सगळी ‘प्याओ’. त्यात भाऊ की बहीण आणि थोरलं की धाकटं हेही सांगावंच लागतं. म्हणजे ‘कझिन’ या एका इंग्रजी शब्दाला आठ चिनी शब्द झाले. साधा ‘ब्रदर’सुद्धा चिनी माणसाला अपुरा वाटतो. थोरला भाऊ निराळ्या शब्दाने ओळखला जातो, धाकटा निराळ्या. वय न कळवता ‘माझा भाऊ’ म्हणायला रोजच्या बोलण्यात सोयीचा शब्दच नाही. म्हणूनच इंग्रजी कादंबरी चिनीत आणणाऱ्या भाषांतरकाराला पुष्कळदा पानं उलटून शोधावं लागतं, हा ‘ब्रदर’ थोरला की धाकटा?

मला स्वतःला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वाटते ती शब्दांच्या आरपार दिसण्याची. चिनी शब्द बहुधा काचेच्या बरणीसारखे असतात, आत काय आहे ते बाहेरून दिसतं. सोमवार म्हणजे ‘आठवडा-एक’, मंगळवार ‘आठवडा-दोन’. जानेवारी म्हणजे ‘एक-महिना’, डिसेंबर म्हणजे ‘बारा-महिना’. कॉम्प्युटर म्हणजे ‘विजेचा मेंदू’, फोन म्हणजे ‘विजेचं बोलणं’, जिराफ म्हणजे ‘लांब मानेचं हरीण’, कांगारू म्हणजे ‘पिशवीवाला उंदीर’. फुप्फुसाचा दाह म्हणजे न्यूमोनिया. त्याचा चिनी शब्द ‘फुप्फुस’ आणि ‘दाह’ हे दोनच तुकडे जोडून झालेला आहे. सात-आठ वर्षांच्या मुलालाही शब्द वाचून अंदाज येतो.

हेच मूल इंग्रजीत आलं की बरणी मातीची होते. गाय ‘काऊ’ आणि तिचं मांस ‘बीफ’, डुक्कर ‘पिग’ आणि त्याचं मांस ‘पोर्क’. चिनीत गाय-मांस, डुक्कर-मांस, बकरी-मांस, संपलं. इंग्रजीने हा दुहेरी बोजा का घेतला त्याला इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, सत्ता फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेली. गोठ्यातल्या जनावराचं नाव शेतकऱ्याच्या भाषेत राहिलं आणि ताटातल्या मांसाचं नाव सरदाराच्या भाषेतून आलं. वैद्यकातले शब्द ग्रीक-लॅटिनचे. चिनी विद्यार्थ्याला एकेक कल्पना मुळात ठाऊक असते, फक्त नावाचा आणि अर्थाचा धागा त्याच्या हाती लागत नाही. म्हणून चांगले शिक्षक इंग्रजीतही धागा शोधून देतात: ‘टेली’ म्हणजे दूर, मग टेलिफोन, टेलिस्कोप, टेलिव्हिजन ही एका घरातली भावंडं दिसू लागतात. चिनी अक्षरांत अवयव ओळखायची सवय असलेल्या मुलांना ही पद्धत मनापासून भावते.

मोजण्याचं एक वेगळंच प्रकरण आहे. चिनीत नाम सुटं मोजता येत नाही, आकडा आणि नाम यांच्या मध्ये एक मापाचा शब्द यावाच लागतो. सपाट पसरलेल्या वस्तूंना ‘चांग’: कागद, तिकीट, टेबल, पलंग. लांबट गोष्टींना ‘थ्याओ’: नदी, रस्ता, मासा, विजार. मुठीत धरायच्या वस्तूंना ‘पा’: सुरी, छत्री, आणि पाठीला धरून उचलायची म्हणून खुर्चीसुद्धा. आपल्याला हे अगदीच परकं नाही. ‘तीन माणसं आली’ यापेक्षा ‘तिघं जण आले’ आपल्या तोंडी सहज येतं. दुकानदार ‘चार नग’ म्हणतो. फक्त चिनीत हा नियम जवळजवळ प्रत्येक नामाला आहे. त्याचा परिणाम असा की चिनी माणसाच्या लेखी सगळीच नामं पाण्यासारखी, भांडं दिल्याशिवाय न मोजता येणारी. मग इंग्रजी सांगते की ‘चेअर’ मोजता येते पण ‘फर्निचर’ मोजता येत नाही, ‘सजेशन’ला अनेकवचन आहे पण ‘ॲडव्हाइस’ला नाही. यामागे पटण्यासारखं कारण द्यावं तरी काय? ते पाठच करावं लागतं. इंग्रजी नामाआधी येणारे ‘अ’ आणि ‘द’ तर आपल्यालाही नाहीत, तेव्हा तो त्रास निराळा सांगायला नको.

आकड्यांत पुन्हा आपण आणि चिनी एका बाजूला येतो, इंग्रज पलीकडे. इंग्रजी दर तीन शून्यांनी नवं नाव देते. आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांनी लाख, कोटी करतो. चिनी माणूस चार-चार शून्यांनी जातो: दहा हजारांना ‘वान’, आणि दहा कोटींना ‘यी’. इंग्रजीत एक मिलियन ऐकलं की आपण मनात ‘दहा लाख’ करतो, तो ‘शंभर वान’ करतो. बोलणी चालू असताना चिनी दुभाषे मोठ्या आकड्यापाशी क्षणभर थांबतात ते याच हिशेबासाठी.

वाक्यं जोडतानाही आपली सोबत आहे. ‘जरी पाऊस पडत होता तरी मी गेलो.’ चिनीत ‘स्वेइरान’ आणि ‘तानशर’ अशीच जोडी लागते. इंग्रजी मात्र ‘ऑलदो’ असेल तर ‘बट’ला दारातच अडवते. तसंच ‘बिकॉज’ आणि ‘सो’चं. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देतानाची फजितीही तीच. ‘तू येणार नाहीस?’ ‘हो, नाही येणार.’ मराठीत ठीक, चिनीत ठीक. विचारणाऱ्याच्या म्हणण्याला आपण दुजोरा देतो. इंग्रजीत इथे ‘नो’च लागतं. ‘येस’ ऐकून समोरचा माणूस आपली खुर्ची राखून ठेवतो.

इथवर चुका दिसतात तरी. खरी काळजी घ्यावी लागते ती न दिसणाऱ्या चुकांची, जिथे शब्द बरोबर असतो पण त्याचा रंग बदलतो. चिनी ‘च्याओआओ’ हा शब्द अभिमानालाही चालतो आणि गर्वालाही. शिक्षक वर्गात त्यावर टीका करतात, आई-बाप मुलाच्या यशाबद्दल तोच शब्द कौतुकाने वापरतात. इंग्रजी ‘प्राउड’ बराचसा तसाच आहे, पण ‘ॲरोगंट’ नाही, आणि शब्दकोश दोन्हींपुढे तेच चिनी भाषांतर देतात. ‘ॲम्बिशन’ला जुना चिनी प्रतिशब्द ‘ये-शिन’, शब्दशः रानटी हृदय. त्यात सत्तेची हाव येते. इंग्रजी नोकरीच्या अर्जात ‘ॲम्बिशस’ हा गुण म्हणून लिहायचा असतो हे चिनी तरुणाला पहिल्यांदा पचत नाही. याहून ठळक उदाहरण ‘श्वानछ्वान’चं. चिनीत त्याचा अर्थ एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवणं, आपल्या ‘प्रचारा’सारखा; लसीकरणाचाही प्रचार होतो, निवडणुकीचाही. इंग्रजीत त्यासाठी जुन्या काळी ‘प्रोपगंडा’ हा शब्द योजला गेला. पुढे इंग्रजी कानांना त्यात खोटेपणाचा वास येऊ लागला. तेव्हा चिनी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या प्रचार-विभागाचं इंग्रजी नाव १९९० च्या दशकाच्या अखेरीस बदलून त्यात ‘पब्लिसिटी’ आणलं. चिनी नाव तेच राहिलं.

आणि काही शब्दांपुढे इंग्रजी हात टेकते. तळलेलं फार झालं, लिची फार खाल्ली, रात्रीची जाग्रणं झाली. तोंड येतं, घसा धरतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात. चिनी माणूस म्हणतो ‘शांगह्वो’, आत आग वर चढली. मराठी आजी तात्काळ म्हणेल, ‘उष्णता झाली’, आणि सब्जा भिजत घालेल. दक्षिण चीनमधल्या क्वांगतोंगची आजी कडू वनस्पतींचा ‘थंड चहा’ उकळेल. दोघींना एकमेकींचं बोलणं एका वाक्यात कळेल. इंग्रजी डॉक्टरसमोर बसलेला चिनी विद्यार्थी मात्र ‘इन्फ्लमेशन’ म्हणावं की ‘हीट’ म्हणावं अशा पेचात असतो, आणि डॉक्टर थर्मामीटर काढतो. ज्या अनुभवाला एका संस्कृतीने नावच दिलेलं नाही, त्याचा प्रतिशब्द शोधणं निष्फळ असतं. तिथे तोंड आलंय, घसा दुखतोय, असं एकेक लक्षण सांगणं हाच शहाणपणा.

मग हे शब्द शिकले कसे जातात? चीनमध्ये ‘शब्द पाठ करणे’ यासाठी ‘पेइ’ हे क्रियापद आहे. पेइ म्हणजे माणसाची पाठ. पुस्तकाकडे पाठ फिरवून म्हणून दाखवायचं, त्यावरून हा अर्थ आला. आपलं ‘पाठ करणे’ आणि शरीराची ‘पाठ’ हे मुळात दोन निराळे शब्द, एक संस्कृत ‘पाठ’ आणि दुसरा ‘पृष्ठ’पासून आलेला. तरी मराठीत ते योगायोगाने एकाच रूपात येऊन उभे राहिले, आणि चिनीशी जुळले. चीनच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत, काओखाओमध्ये, बहुतेक प्रांतांत इंग्रजीला १५० गुण असतात. त्यासाठी जाडजूड शब्दसूच्या पाठ होतात. वर्णानुक्रमे लावलेल्या सूचीत सुरुवातीलाच येणारा ‘अबँडन’ हा शब्द, म्हणजे ‘सोडून देणे’, तिथल्या पिढ्यांच्या ओळखीचा आहे. पुष्कळांनी तिथेच वही मिटली असं ते स्वतःच सांगतात.

पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. ज्या मुलाच्या आसपास इंग्रजी बोलणारं कुणीच नाही, त्याच्या हातात तेवढंच असतं. पण सुटा शब्द पाठ करण्यापेक्षा जोडगोळी पाठ करावी, एवढं मात्र आग्रहाने सांगावंसं वाटतं. ‘रेन’ एकटा नको, ‘हेवी रेन’ हवा; नाहीतर चिनीतला ‘मोठा पाऊस’ तसाच ‘बिग रेन’ होऊन बाहेर पडतो. ‘टेक मेडिसिन’ असं एकत्र शिकावं, कारण चिनी माणूस औषध ‘खातो’, आणि गोळी आपणही खातोच. ‘ब्लॅक टी’ हा अखंड शब्द म्हणून लक्षात ठेवावा, कारण चीनमध्ये तोच चहा लाल आहे. दुधाविना चहा कपात ओतून पाहिला तर चिनी रंग जास्त खरा वाटतो.

शब्दकोशाशिवाय इंग्रजी शिकण्याचा एक मोठा प्रयोग चीनमध्ये पूर्वी होऊन गेला आहे, आणि त्यात मुंबईचा हात होता. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांचा समुद्रमार्गे व्यापार एकट्या कँटन बंदरातून चालायचा. परक्यांना चिनी शिकवायला बंदी. तेव्हा व्यवहारासाठी एक मोडकी-जोडकी इंग्रजी तयार झाली, पिजिन. हे नावच ‘बिझनेस’च्या चिनी उच्चारावरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाजारात छोट्या पुस्तिका मिळत; ‘लाल केसवाल्यां’चे, म्हणजे गोऱ्यांचे, इंग्रजी शब्द चिनी अक्षरांत, नुसत्या आवाजावरून लिहिलेले. आजचं मूल ‘थँक यू’ लक्षात ठेवायला ‘सान-ख-योउ’, म्हणजे ‘तीन ग्रॅम तेल’, अशी अक्षरं लिहितं, तीच जुनी युक्ती.

मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन पारशी व्यापारी कँटनला जात. जमशेटजी जीजीभॉय यांची पहिली फेरी १७९९ ची. त्या अफूने चीनचं काय झालं ते विसरून चालणार नाही. त्याच बंदरावर हिंदुस्थानी शब्दही उतरले. परवान्यावरच्या शिक्क्याला पिजिनमध्ये ‘चॉप’ म्हणत, तो आपला ‘छाप’. आजही चीनमध्ये इंग्रजीत व्यवहार करणारे लोक कंपनीच्या अधिकृत शिक्क्याला ‘चॉप’ म्हणतात, आणि तो नसेल तर करार पुढे सरकत नाही. हाँगकाँगमध्ये पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या गटाराला सरकारी इंग्रजीत ‘नल्ला’ म्हणतात, म्हणजे नाला. चांदीची नाणी पारखून घेणारा तो ‘श्रॉफ’, आपला सराफ. कँटनच्या वखारींत बसलेल्या कारकुनांनी हे शब्द कुठल्या सूचीतून पाठ केले नव्हते. शिक्का उमटताना पाहिला, नाणं वाजताना ऐकलं, आणि शब्द उचलला. नाणी पारखण्याचं काम संपलं, शब्द मात्र कामाला लागलेलाच राहिला. हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये गाडी बाहेर काढण्याआधी पैसे जिथे भरायचे, त्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी असते.